मर्सिडीजच्या भंगारातला सुपरचार्जर माझ्या टाटा २०७ वर : आठ महिन्यांनंतर

बागेतून वर शेडपर्यंत साडेसातशे मीटरचा चढ आहे. एका खेपेला चाळीस कॅरेट मोसंबी, म्हणजे आठशे किलो माल. गेल्या भाद्रपदापर्यंत आमची १९९७ ची टाटा २०७ हा चढ फस्ट गियरमध्ये चढायची, तीही काळा धूर ओकत. बाभळीपाशी वळण आहे, तिथं तर हमखास दम टाकायची. मागून एक माणूस दगड घेऊन चालायचा, चाकाखाली लावायला.

आता तीच गाडी तेवढाच माल घेऊन सेकंडमध्ये वर येते आणि दगड घेऊन कुणाला चालावं लागत नाही. इंजिन तेच, पिस्टन तेच, डिझेलचा पंप तोच. फरक एवढाच की मर्सिडीजमधून काढलेला एक जुना सुपरचार्जर, म्हणजे इंजिनमध्ये जास्त हवा दाबून भरणारं यंत्र, तिच्या इंजिनला बेल्टवर जोडलाय. आंब्या बहाराची तोडणी, शेणखताच्या खेपा, मग मृग बहाराची तोडणी, सगळं त्याच्यावर निघालं. आठ महिने झाले, म्हणून आता लिहितोय. चार दिवस चालवून लिहिलेल्यावर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नाही.

माझ्याबद्दल थोडं. एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपात इंजिन सेक्शनला २९ वर्षं काढली. रिटायर झाल्यावर बदनापूर तालुक्यात दुधनाकाठी घरची मोसंबी बघतो. जमीन अशी की बाग खाली नदीच्या अंगाला आणि डांबरी रस्ता वर. व्यापाऱ्याची गाडी वर शेडपाशी लागते. ट्रॅक्टर आहे, पण पाऊस उघडल्यावर काळ्या रानात भरलेली ट्रॉली वळणावर बाजूला घसरते, दोनदा कॅरेट सांडलेत. २०७ ची बांधणी त्या कामाला चांगली. कमी होती ती ताकदीची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण हे वाचून कुणी रस्त्यावरच्या गाडीला हात घालू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर लिहिलेल्या गोष्टी बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. माझ्या गाडीचं रजिस्ट्रेशन मी रद्द करून घेतलंय आणि ती घरच्या गटाबाहेर चाक टाकत नाही. तुमची गाडी बाजारात, रस्त्यावर जात असेल तर हा उद्योग करू नका.

आता इंजिन. या गाडीत टाटांचं ४८३ आहे. बोअर ८३ मिलिमीटर, स्ट्रोक ९०, चार सिलिंडर, १९४८ सीसी. हेच इंजिन सिएरात होतं, सुमोत होतं. साधं, दणकट, पण हवा स्वतःच्या दमानं ओढणारं. १९९८ साली आलेल्या पहिल्या सफारीत हेच १९४८ सीसीचं इंजिन टर्बो लावून होतं. म्हणजे रीतसर रस्ता टर्बोचाच, आणि मीही आधी टर्बोच शोधला. दोन सेट बघितले. एकाचा मॅनिफोल्ड दोन पोर्टच्या मधोमध तडकलेला. दुसऱ्याचा शाफ्ट बोटानं वरखाली हलवला तर चाक घराला टेकायचं. असला टर्बो चार दिवसांत तेल गिळायला लागतो.

पण माझा विचार बदलला तो वेगळ्याच कारणानं. टर्बोही हवाच दाबतो, पण तो सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो. इंजिनला रेस असेल, वायू भरपूर असेल, तेव्हा तो जागा होतो. माझं काम हजार-बाराशे आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचं. ओल्या मातीत जास्त रेस दिली की चाकं जागेवर फिरतात आणि गाडी बसते. मला ताकद हवी होती ती रेस न देता, क्लच सोडला त्या क्षणी. सुपरचार्जर क्रँकलाच बेल्टनं बांधलेला असतो. क्रँक फिरला की तो फिरतो, वाट बघत नाही. शिवाय टर्बोला इंजिनमधून तेलाची लाइन काढावी लागते. मी घेतलेल्या जातीच्या सुपरचार्जरचं तेल त्याच्या नाकातच, म्हणजे पुलीमागच्या पुढच्या भागात, बंद असतं, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंजिनला ही मोठी सोय.

यंत्र म्हणून सुपरचार्जर हा ब्लोअरच, म्हणजे हवा ढकलणारा; पुढं मी त्याला ब्लोअरच म्हणतो. एका घरात दोन पिळाचे रोटर, एकमेकांत गुंतून फिरणारे, पण एकमेकांना न टेकणारे. रूट्स नावाच्या दोन अमेरिकन भावांनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं आणि सुरुवातीला तो भट्ट्यांना वारं मारायलाच वापरला गेला. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला मी हा खोलून दाखवला तर त्यानं लगेच ओळखला. मर्सिडीजच्या सी २०० कॉम्प्रेसर गाडीत, १७९६ सीसीच्या पेट्रोल इंजिनवर, ईटन कंपनीचा एम४५ असतो. ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घन इंच हवा, आपल्या मापात ७३७ सीसी. रोटरला तीन पाकळ्या, साठ अंशांचा पीळ. दोन्ही हातांत मावतो, पण वजनाला नुसतं ॲल्युमिनियमच वाटावं असा हलका नाही.

पहिला नग मी मुंबईच्या भंगार बाजारातून मोबाइलवर फोटो बघून घेतला. ११ हजार. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. "एकदम टंच आहे काका, चालत्या गाडीतून काढलाय," असं सांगितलं होतं. पार्सल आलं, पुली हातानं फिरवली. अर्ध्या फेरीला एका जागी किंचित खरखर लागली. एवढीच. कपड्याला नख लागावं तशी. तोंडाकडून टॉर्च मारून बघितलं तर रोटरवरचा करडा लेप एका पाकळीवर सोललेला आणि त्याच्यासमोर घराला चंद्रकोरीसारखी चकाकती रेघ. म्हणजे मागचं बेअरिंग गेलेलं आणि रोटर घराला घासलेला. फोन केला तर उत्तर आलं, "भंगाराला कुठं गॅरंटी असते का?" खरं आहे, नसते. पण मग टंच म्हणू नये. तो नग अजून शेडमध्ये आहे. फ्लँजची मापं घ्यायला आणि ब्रॅकेटची भोकं मारायला त्याचाच उपयोग झाला.

दुसरा छत्रपती संभाजीनगरातच मिळाला. २०१० च्या ऑक्टोबरात या शहरात एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या, ती गोष्ट आमच्याकडं अजून निघते. माझा सुपरचार्जर त्यातल्या गाडीचा नाही, त्याच्या आधीची गाडी होती, मागून ठोकलेली. पुढचं इंजिन शाबूत. ती एका यार्डात खोलायला लागली असं वर्कशॉपातल्या जुन्या हेल्परनं कळवलं. मी पाने घेऊन स्वतः गेलो आणि स्वतः काढला. त्यामुळं मला ब्लोअर तर मिळालाच, पण त्याचे मूळ बोल्ट, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, रबरी तोंडं आणि पुलीची लाइन नक्की कशी होती हेही बघायला मिळालं. १६ हजार ५०० दिले. पहिल्यापेक्षा महाग, पण हा सौदा खरा स्वस्त.

घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण पैसे इथंच बुडतात. पुली हातानं सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठंही खरखर नको, मऊ पण सारखा अडसर चालेल. मग पुली पुढंमागं झटकन हलवा. आत टकटक आवाज आला तर नाकातलं कपलर, म्हणजे पुली आणि रोटरमधली जोड, झिजलंय. ते बदलता येतं, मात्र त्यावर भाव पाडून घ्या. पुली वरखाली हलवून बघा, नाकाच्या बेअरिंगला प्ले नको. नाकाच्या प्लगमधून थोडं तेल काढा. एकूण तेल कपभरच असतं. ते काळं असलं तरी हरकत नाही, पण बोटांवर चोळल्यावर चकाकी दिसली तर ती धातूची भुकटी आहे, तिथूनच परत फिरा. तोंडात टॉर्च मारून प्रत्येक पाकळीचा लेप बघा. आणि फोटोवर घेऊ नका.

आता पुलीचं गणित. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत १९४८ सीसी हवा घेतं, म्हणजे फेरीला ९७४. तीही पूर्ण भरत नाही. ब्लोअर क्रँकच्या दुप्पट फिरवला तर फेरीला १४७४ सीसी ढकलणार. त्यातली काही रोटरच्या फटीतून मागं गळणार, कमी रेसला जास्त गळणार. हे सगळं धरून मला पाच-सहा पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास दाब हवा होता. जुनं इंजिन, कॉम्प्रेशन आधीच भरपूर, हेड गॅस्केट साधं. याच्यावर हाव धरायची नाही असं ठरवूनच बसलो होतो. ४८३ ची कमाल रेस धरली तरी ब्लोअर ९ हजारांवर जातो, आणि मर्सिडीजमध्ये तो याहून जास्त फिरायचा. म्हणून क्रँकवर ब्लोअरच्या पुलीच्या बरोबर दुप्पट व्यासाची पुली, एवढं साधं माप निघालं.

ब्लोअरला सहा बारीक खाचांचा चपटा बेल्ट लागतो, टाटाच्या क्रँकवर व्ही बेल्टची पुली. ती जोड करून देणारा माणूस मला वाळूजला मिळाला आणि या सगळ्या कामात कुणाला पैकीच्या पैकी मार्क द्यायचे तर त्याला. १९८५ ला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून वाळूजच्या भोवती जॉबवर्क करणारी छोटी छोटी दुकानं उभी राहिली. हे त्यातलंच एक, पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक जुनं मिलिंग आणि एक सीएनसी. मी कागदावर ड्रॉइंग काढून नेलं होतं. त्यानं ते बघितलंही नाही.

"मामा, मापं नका सांगू. जुनी पुलीच काढून आणा. तिचं सेंटर कुठंय ते तिलाच विचारू."

दुसऱ्या दिवशी पुली काढून नेली. त्यानं ती लेथला धरून तोंडाला डायल, म्हणजे वाकडेपणा दाखवणारा काटा, लावला, तर पुलीचं पुढचं तोंड सरळ नव्हतं. पंचवीस वर्षांत कुणीतरी हातोड्यानं काढलेली असणार. त्यानं आधी त्या तोंडावरून हलका हात मारला, मधे एक गोल खांदा काढला आणि ईएन-८ पोलादाची नवीन पुली त्या खांद्यावर अशी बसवली की हातानं दाबल्यावर आत जाते आणि जाताना हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर येते. बोल्ट फक्त धरून ठेवायला, सेंटर खांद्यानं धरायचं. एसटीत आम्ही फ्लायव्हील बसवताना हेच पाळायचो, आणि बाहेर किती मिस्त्री नुसत्या बोल्टवर सेंटर सोडतात ते मी बघितलंय. शेवटी डायल फिरवून दाखवला, काटा अर्ध्या घरानं हलला. कामाचे ३ हजार २०० झाले. मी घासाघीस केली नाही.

फिरण्याची दिशाही तपासून घ्या. हा ब्लोअर उलटा फिरला तर हवा उलटी फेकतो. बेल्टच्या खाचांच्या बाजूनं दोन्ही पुल्या चालवल्या तर दिशा आपोआप जमते. बेल्टच्या पाठीवर ब्लोअर चालवला तर बिघडते.

चूक झाली ती ब्रॅकेटमध्ये, आणि ती माझी. जालन्यात प्लेटीचे तुकडे किलोवर मिळतात. तिथून १० मिलिमीटरचा तुकडा आणला, भोकं मारली, ब्लोअर हेडच्या बाजूला दोन जागी धरला. दोरी लावून पुल्यांची लाइन बघितली, बरोबर. गाडी सुरू केली, छान. रेस दिली की बेल्ट एक खाच सोडून पुढं सरकायचा. तीन वेळा बसवला, तीन वेळा सरकला, तिसऱ्यांदा कडेचे धागे निघाले. मुलगा म्हणाला, "अप्पा, पुलीच वाकडी असंल." मी वाळूजला फोन केला.

"बेल्ट कामून उतरायलाय ते पुलीत नका बघू मामा, पट्टीत बघा," एवढंच तो म्हणाला.

मग मी एक जाड तार चॅसीला बांधली, तिचं टोक ब्लोअरच्या पुलीच्या तोंडापासून एका ब्लेडच्या जाडीवर ठेवलं आणि मुलाला रेस द्यायला सांगितलं. गाडी थांबलेली, माल नाही, काही नाही. तरी रेस वाढली तशी पुली तारेपासून लांब गेली. दोन मिलिमीटर सहज. रेस सोडली की परत येऊन तारेला जवळजवळ टेकायची. प्लेट वाकत होती. बेल्टच्या ओढीला १० मिलिमीटर पुरत नाही, आणि दोन पाय तर नाहीच नाही. नवीन ब्रॅकेट १६ मिलिमीटरच्या प्लेटीचं, पाठीमागं उभी पट्टी वेल्ड केलेली, आणि तिसरा पाय खाली इंजिन फाउंडेशनच्या बोल्टवर. टेन्शनरही मी ताणाच्या बाजूला लावला होता, तो हलवला. क्रँकवरून निघून ब्लोअरकडं जाणारी बाजू ढिली असते, टेन्शनर तिथं हवा. ब्लोअरकडून क्रँककडं येणारी बाजू ओढ खाते, तिथं लावलेला टेन्शनर रेस देताना मागं ढकलला जातो आणि बेल्ट सैल पडतो. त्यानंतर तारेचं टोक हललं नाही. बेल्ट आजपर्यंत उतरला नाही.

डिझेल इंजिनावर सुपरचार्जर लावणाऱ्याला एक अडचण हमखास येते. पेट्रोल गाडीत थ्रॉटल असतो. आयडलला तो बंद असतो, ब्लोअरला दाबायला हवाच नसते, आणि जी असते ती एका बायपास पडद्यातून परत मागं फिरते. मर्सिडीजमध्ये तो पडदा कॉम्प्युटर हलवतो. आमच्या डिझेलला थ्रॉटलच नाही. पाय पॅडलवर असो नसो, ब्लोअर हवा दाबतच राहणार, बेल्ट आणि डिझेल दोन्ही खाणार.

यावर मी हे केलं. मारुती ८०० च्या जुन्या कार्बोरेटरचा खालचा भाग कापून त्याचा फिरता पडदा घेतला आणि ब्लोअरच्या बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडाकडं जाणाऱ्या पाइपात बसवला. पडद्याला स्प्रिंग अशी की ती पडदा उघडा ठेवते. उघडा म्हणजे हवा गोल फिरत राहते, दाब नाही. मग बजाज स्कूटरची क्लच केबल ॲक्सिलरेटरच्या दांड्याला जोडली. पॅडल एक चतुर्थांश दाबलं की पडदा पूर्ण बंद, आणि दाब इंजिनकडं. केबल तुटली तर स्प्रिंग पडदा उघडते आणि गाडी पहिल्यासारखी साध्या हवेवर चालते, बिघडत काही नाही. ही केबल जमवायला दोन दिवस गेले. आधी पडदा फार लवकर बंद व्हायचा, चिखलात गाडी सोडताना धक्का बसायचा. नटाच्या दोन फेऱ्या मागं घेतल्या आणि आता पॅडलखाली ताकद दूध उतू यावं तशी येते, सावकाश आणि सारखी.

इंजिनच्या श्वासाची नळी, ब्रीदर, आधी एअर फिल्टरच्या पाइपात जायची. ती तिथं ठेवली तर तेलाची वाफ रोटरवर जमते. तिला वेगळी बाटली लावली. एअर फिल्टर ट्रॅक्टरचा मोठा कोरड्या जातीचा घेतला. हे लहान काम वाटेल, पण उन्हाळ्यात आमच्याकडची धूळ पिठासारखी असते आणि रोटरचा लेप धुळीनंच जातो. फिल्टरनंतरचा प्रत्येक जोड मी साबणाच्या पाण्यानं तपासला.

आता डिझेलचं. इथं पुष्कळ लोकांचा गैरसमज असतो. डिझेल इंजिनला नुसती जास्त हवा दिल्यानं ताकद वाढत नाही. ताकद डिझेलमध्ये असते, हवा तिला जळायला जागा देते. माझ्या गाडीचा पंप आधीच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं वाढवून ठेवला होता, म्हणून तर काळा धूर. ते डिझेल अर्धवट जळून वाया जायचं. ब्लोअर चालू झाल्यावर पंपाला हातही न लावता धूर गेला आणि ओढ वाढली. नंतर स्क्रू अगदी पाव फेरी दिला, तिथंच थांबलो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमध्ये टेम्परेचरचा सेन्सर टाकलाय, चढावर काटा ६५० अंशांच्या वर जाऊ देत नाही. दाबाचा मीटर आणि हा टेम्परेचर मीटर नसेल तर हे काम करूच नका. पिस्टन वितळायला लागल्याचा आवाज येत नाही, तो मीटरवरच दिसतो.

दाब किती मिळतो? बाराशे आरपीएमला अडीच-तीन पीएसआय, अडीच हजारांना सहा. खालचा आकडा गळतीमुळं कमी आहे, पण चढावर फरक पडतो तो त्याच तीन पीएसआयचा. आधी भरलेल्या गाडीला शेडपर्यंत साडेपाच-सहा मिनिटं लागायची, आता साडेतीन. तोडणीच्या दिवशी पंधरा-सोळा खेपा होतात, तर मजूर अंधार पडायच्या आत घरी जातात.

उणं काय ते सांगतो. ब्लोअर फिरवायला ताकद क्रँकच देतो, फुकट काही मिळत नाही. पाच लिटरला आधी सतरा खेपा व्हायच्या, आता सोळा. टर्बो असता तर कदाचित उलट झालं असतं. आवाज आहे, एक सारखी शीळ. आमच्या घरातली म्हणाली, "गिरणी चालू केल्यावाणी वाटायलंय." बाग घरापासून लांब म्हणून चालतं. चढाच्या शेवटी ब्लोअरपुढच्या पाइपाला हात लावत नाही, इतका तापतो. सहा पीएसआयच्या वर जायचं असेल तर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागेलच. आणि बेल्ट एकच असल्यामुळं एक नवीन बेल्ट केबिनमध्ये सीटमागं कायम असतो.

खर्च सांगायचा तर पहिला बुडालेला नग सोडून ३४ हजार ८०० झाला. त्यात ब्लोअरचे १६ हजार ५००. बाकी निम्म्याहून जास्त पैसे पुली, ब्रॅकेट, टेन्शनर, फिल्टर, होस, दोन मीटर आणि बेअरिंगमध्ये गेले. जे लोक विचारतात "ब्लोअर केवढ्याला बसला," त्यांना मी हाच हिशेब दाखवतो. भंगारातला ब्लोअर हा या कामाचा सोपा भाग आहे. तो मिळाला म्हणून काम झालं असं धरून निघालेल्या दोघांना मी ओळखतो, दोघांचेही ब्लोअर पोत्यात बांधून ठेवलेत.

कुणी घ्यावा? ज्याचं काम कमी रेसचं, जड ओझ्याचं, गाडी स्वतःच्या रानातली, आणि ज्याच्या ओळखीत चांगला टर्नर आहे, त्यानं जरूर घ्यावा. ज्याला लांब पल्ला सारख्या वेगानं कापायचाय त्यानं याच्या नादी लागू नये, त्याला टर्बोच बरा. इंजिनच्या हेडला आधीच पाणी मारायची सवय असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर आधी ते नीट करावं.

मागच्या आठवड्यात, मृग बहाराची शेवटची खेप टाकल्यावर, नाकाचा प्लग काढून तेल बघितलं. रंग मधासारखा, बोटांवर चकाकी नाही. पुली झटकून बघितली, आत टकटक नाही. टॉर्च मारली तर पाकळ्यांवर करडा लेप जसाच्या तसा, फक्त एका कडेला फिल्टरमागच्या जोडातून आलेली धुळीची बारीक रेघ होती. तो जोड सोडवून नवीन क्लँप टाकला आणि परत साबणाचं पाणी मारलं.